पिल्लाआधी आई पाहा

मराठी घरात कुत्रं येतं ते बहुतेक वेळा हट्टानं. वार्षिक परीक्षा संपते, निकाल बरा लागतो, वर्षभर लांबणीवर टाकलेलं आश्वासन मुलं न विसरता वसूल करतात आणि एका रविवारी बाबा मोबाइलवर पिल्लांचे फोटो चाळू लागतात. आजी विचारते, "सकाळी त्याला खाली कोण नेणार?" तिच्या प्रश्नाकडे कुणी लक्ष देत नाही. चर्चा रंगावर, नावावर आणि लॅब घ्यायचा की गोल्डन यावर चालू असते.

हे पुस्तक आजीच्या बाजूनं लिहिलं आहे. कुत्रं घेऊ नका असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. कुत्र्याशिवायचं घर मला स्वतःला सुनं वाटतं. पण घेण्याआधी जे विचारायचं ते विचारा, जे बघायचं ते बघा, एवढ्यासाठी हा खटाटोप. मी जनावरांचा डॉक्टर. माझ्याकडे माणसं येतात ती पिल्लू घेऊन झाल्यावर. घेण्याआधी अर्धा तास बोलायला येणारं कुटुंब विरळाच, आणि तो अर्धा तास पुढची दहा-बारा वर्षं उपयोगी पडतो.

जनावर पारखून घेणं आपल्याला नवं नाही. सांगोल्याच्या बाजारात खिल्लार बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावलं चालवून बघतो, कुणाच्या दावणीचा ते विचारतो आणि काही खोड आहे का, हेही तोंडावर विचारतो. त्याचाच नातू पुण्यात नोकरीला लागतो आणि घरात, मुलांच्या अंथरुणाशेजारी झोपणारं जनावर फोटो बघून, निम्मे पैसे आधी पाठवून, दुसऱ्या गावाहून खासगी बसच्या डिकीतून मागवतो.

जात निवडताना दिसण्याकडे बघितलं जातं. बघायला हवं ते कामाकडे. कुत्र्यांच्या जाती माणसानं शोभेसाठी कमी आणि कामासाठी जास्त घडवल्या. लॅब्राडोर घडला तो थंड पाण्यात उड्या मारून मासेमारांची जाळी ओढायला आणि शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी तोंडात धरून आणायला. असा दिवसभर राबणारा गडी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये येतो, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं खाली जातो आणि उरलेला वेळ सोफ्याचा कोपरा कुरतडतो. त्यातून त्याची भूक. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या यंत्रणेत पीओएमसी नावाचं एक जनुक असतं. तपासलेल्या लॅब्राडोरांपैकी साधारण चौथ्या हिश्श्यात या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो, असं केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. म्हणजे ताटाशेजारी बसून तो ज्या डोळ्यांनी बघतो त्यात नाटक थोडं आणि खरी भूक जास्त असू शकते. आजोबा पोळीचा तुकडा टाकतात, आई उरलेला भात टाकते, मुलगा बिस्किट देतो आणि तीस किलोचं कुत्रं चाळीस किलोचं होऊन सांध्यांनी बसतं. लॅब्राडोर स्वभावानं सोन्यासारखा असतो, मुलांत तर फारच रमतो. मात्र ज्या घरात 'नाही' म्हणायची ताकद कुणातच नाही, त्या घरानं तो घेऊ नये.

पगची गोष्ट निराळी. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग एका मुलाच्या मागं मागं चालला आणि बघता बघता शहराशहरांत पग दिसू लागले. मागणी एकदम वाढली की पिल्लं कुठून तरी येतातच; ती कुठून येतात हे कुणी विचारत नाही. कुत्र्याला घाम येऊन अंग थंड होत नाही, ते धापा टाकून उष्णता बाहेर टाकतं. पगचं नाक इतकं आखूड केलेलं आहे की उन्हाळ्यात तेवढंही त्याला जमत नाही. घरची मंडळी कौतुकानं सांगतात, आमचा पग किती गोड घोरतो. ते घोरणं म्हणजे श्वास पुरत नसल्याची खूण असते. हस्कीबद्दल तर बोलायलाच नको. बर्फात स्लेज ओढण्यासाठी दुहेरी केसांचं पांघरूण घेऊन जन्मलेलं जनावर नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात फरशीवर पोट टेकून पडलेलं मी पाहिलं आहे. त्याला एसी लावून दिला की आपलं कर्तव्य झालं, असं मालकाला वाटतं. मला ते पटत नाही.

रॉटवायलर, पिटबुल, केन कोर्सो वगैरे २३ जातींवर केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं मार्च २०२४ मध्ये बंदीचं परिपत्रक काढलं आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. कायद्याचं काय व्हायचं ते होवो. ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुत्रं घ्यायचं ठरवलं आहे त्यांनी या यादीकडे वळू नये, एवढं माझं मत.

आता आपल्या मातीतल्या कुत्र्याकडे येतो. कारवान ऊर्फ मुधोळ हाउंड हा दख्खनचा. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगलीकडचा जतचा पट्टा आणि पलीकडे कर्नाटकातलं बागलकोट हा त्याचा मुलूख. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याची निगुतीनं पैदास केली, म्हणून त्याला त्या गावाचं नाव मिळालं. केसाळ कानांच्या आणि झुपकेदार शेपटीच्या प्रकाराला पश्मी म्हणतात. टपाल खात्यानं २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली त्यांत हा होता, आणि पुढच्या दशकात लष्करानंही प्रशिक्षणासाठी मुधोळची पिल्लं मेरठला नेली. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख केल्यावर मला फोनवर फोन आले. सगळ्यांना मुधोळ हवा होता, आणि बहुतेकांना तो वन बीएचकेमध्ये हवा होता.

हा कुत्रा जवळून बघण्यासारखा आहे. लांबुळकी कवटी, खोल छाती, पोट आत ओढलेलं, मागच्या मांड्यांत दडलेला वेग. तुम्ही त्याच्या अंगणात शिरलात तर तो धावत येऊन चाटत नाही. दहा पावलांवर उभा राहून बघतो. हात पुढं केलात तर मान वळवून बाजूला होतो. अनोळखी माणसानं अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तो नजरेनं शिकार हेरणारा, पळत्याच्या मागं पळणारा कुत्रा आहे. सोसायटीच्या आवारात मांजर दिसलं की पट्टा धरलेला माणूस आडवा होतो. मोकळं रान, रोजची दौड आणि एकाच घराशी इमान, एवढं मिळालं तर तो फारसं दुखणं काढत नाही आणि भाकरी, दूध, अंड्यावर उत्तम राहतो. काही गावांत शर्यतींच्या नादानं त्यात ग्रेहाउंड मिसळला गेला आहे. सशामागं सोडायला म्हणूनही लोक तो पाळत आले. वन्यजीवांच्या १९७२ च्या कायद्यानं ती शिकार गुन्हा ठरवली आहे, तरी विकणारा मात्र अजून 'ससा एका झेपेत धरतो' अशी शिफारस करतो. ज्याच्याकडे शेत आहे, कुंपण आहे आणि पहाटे उठायची सवय आहे, त्यानं कारवान जरूर घ्यावा. फ्लॅटवाल्यांनी त्याचं कौतुक लांबून करावं.

फ्लॅटवाल्यांना मी बहुधा गावठीच सुचवतो. त्यातही पिल्लू नको. दोन-तीन वर्षांचं, स्वभाव कळलेलं, नसबंदी झालेलं आणि एखाद्या संस्थेनं किंवा गल्लीतल्या एखाद्या काकूंनी सांभाळलेलं कुत्रं. त्याचा आकार पुढं किती वाढेल हा प्रश्न उरत नाही, मुलांशी ते कसं वागतं हे दोन भेटींत दिसतं, आणि आपल्या हवेत शेकडो पिढ्या टिकलेलं ते जनावर माणसानं मुद्दाम वेडंवाकडं केलेलं नसतं. गावठी कुत्रं फुकट मिळतं म्हणून त्याला कमी लेखणारी घरं मी पाहतो. त्यांना फुकटची वस्तू नको असते; किंमत मोजली की प्रतिष्ठा वाढते. या मानसिकतेवर माझ्याकडे इंजेक्शन नाही.

तरीही ज्यांना विशिष्ट जातीचंच पिल्लू हवं आहे, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. त्यांना योग्य दार दाखवणं हे या पुस्तकाचं मुख्य काम आहे, आणि म्हणून ब्रीडरवरचं प्रकरण सगळ्यांत लांबलं आहे.

पिल्लांच्या बाजाराची स्वतःची भाषा आहे. 'डबल बोन', 'हेवी बोन', 'पंच फेस', 'शो क्वालिटी', 'टीकप', 'इंपोर्ट लाइन'. यातला 'डबल बोन' हा शब्द तर मला विशेष आवडतो, कारण कुठल्याही कुत्र्याला हाडं एकदाच मिळतात. जाड पायांचं पिल्लू गुबगुबीत दिसतं, फोटोत छान येतं, आणि वाढीच्या वयात त्याला खाऊ घालून आणखी जड केलं की खुब्याच्या सांध्यावर भार येतो. 'टीकप' म्हणजे बहुतेक वेळा वीणीतलं सगळ्यांत अशक्त पिल्लू किंवा आईपासून फार लवकर तोडलेलं. 'इंपोर्टेड' पिल्लाबद्दल एवढं लक्षात ठेवा, की व्यापारासाठी आणि पैदाशीसाठी कुत्री आयात करायला २०१६ मध्ये बंदी घातली गेली होती.

खऱ्या ब्रीडरच्या तोंडी हे शब्द क्वचितच येतात. तो फोनवर किंमत सांगण्याआधी तुम्हालाच प्रश्न विचारतो. घरात दिवसभर कोण असतं, कितवा मजला, लिफ्ट आहे का, आधी कुत्रं पाळलं होतं का, त्याचं काय झालं, बदलीची नोकरी आहे का. काहींना हा आगाऊपणा वाटतो. पैसे आम्ही देतोय आणि चौकशी हा करतोय! पण ज्याला आपलं पिल्लू कुठं जातं याची फिकीर नाही, त्याला ते कुठून आलं याचीही नसते. चांगला ब्रीडर बहुधा एकाच जातीचं, फार तर दोन जातींचं काम करतो. पिल्लं तयार नसली तर थांबायला सांगतो. तुमच्या घराला ही जात झेपणार नाही, असं वाटलं तर तोंडावर नाही म्हणतो. आणि पुढं कधीही, कोणत्याही वयात, कुत्रं सांभाळणं जमलं नाही तर मला परत द्या, रस्त्यावर सोडू नका, असं लिहून देतो. हे शेवटचं वाक्य जो आपणहून बोलतो त्याच्यावर मी निम्मा विश्वास तिथंच टाकतो.

उरलेला निम्मा त्याच्या घरी जाऊन टाकायचा. घरीच. पेट्रोल पंपावर, मॉलच्या पार्किंगमध्ये किंवा 'मध्ये कुठंतरी' भेटून पिल्लू देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करावा. तिथं गेल्यावर पिल्लाकडे नंतर बघा, आधी त्याची आई बघा. व्यालेली कुत्री लपत नाही. तिची आचळं लोंबलेली असतात, अंग थोडं उतरलेलं असतं, केस गळालेले असतात, त्यात वावगं काही नाही. ती तुमच्याकडे कशी बघते ते महत्त्वाचं. शेपूट हलवत येते, वास घेते, की कोपऱ्यात अंग चोरून थरथरते? मालकानं हाक मारल्यावर ती जवळ जाते की लांब? पिल्लाचा स्वभाव काही तिच्या रक्तातून येतो आणि बराच तिच्या सहवासातून. आई भेकड किंवा चावरी असेल तर पिल्लू कितीही देखणं असो, तिथून निघावं. आणि आई दाखवतच नसतील, 'ती शेतावर आहे', 'ती आजारी आहे', 'ती भावाकडे असते' अशी उत्तरं येत असतील, तर ते पिल्लू तिथं जन्मलेलंच नाही असं समजा.

सात-आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडायचं नाही, याला कारण आहे. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं पिल्लू कळवळतं आणि खेळ थांबतो. आई गुरगुरून दूर लोटते. किती जोरात चावायचं आणि कुठं थांबायचं, हा धडा त्या आठवड्यांत होतो. बाजारात 'पंचेचाळीस दिवसांचं' म्हणून मिळणारं पिल्लू बऱ्याचदा महिन्याभराचंच असतं. तो धडा चुकलेलं कुत्रं पुढं घरातल्या लहान मुलाच्या हातावर गिरवतं. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला कायद्यानंही मनाई आहे. प्राण्यांवरच्या क्रूरतेला आळा घालणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांचे नियम आले. त्यांनुसार ब्रीडरनं राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, पिल्लाला मायक्रोचिप लावायची, नोंदवही ठेवायची. दीड वर्षाखालच्या आणि आठ वर्षांवरच्या मादीपासून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकाहून जास्त वेत नाही आणि आयुष्यात पाचांहून जास्त नाहीत. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते, त्यामुळे हावरा माणूस प्रत्येक माजाला तिला लावतो. ती पाच-सहा वर्षांत झिजून जाते आणि मग एका रात्री हायवेवर सोडली जाते. नियम कागदावर चांगले आहेत, अंमलबजावणी तोकडी आहे. म्हणून नोंदणीचा क्रमांक तुम्हीच मागा. विचारणारी गिऱ्हाइकं वाढली की कागद आपोआप निघू लागतात.

केनेल क्लब ऑफ इंडियाच्या प्रमाणपत्राबद्दल, म्हणजे ज्याला सगळे 'केसीआय पेपर' म्हणतात त्याबद्दल, एक गैरसमज पक्का आहे. तो कागद वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही. जर्मन शेफर्ड, लॅब्राडोर, गोल्डन यांच्यात खुब्याच्या सांध्याचा दोष आई-बापांकडून येतो. आई-बाप दोन वर्षांचे झाल्यावर काढलेले त्यांचे एक्स-रे मागा. एक्स-रे चांगले असूनही एखादं पिल्लू लंगडं निघू शकतं, कारण हा दोष एका जनुकाचा खेळ नाही. पण शक्यता बरीच कमी होते. कागदावरचा मायक्रोचिपचा पंधरा आकडी क्रमांक पिल्लाच्या कातडीखालच्या चिपशी जुळतो की नाही, हे कुठल्याही डॉक्टरकडच्या स्कॅनरवर कळतं. एका कागदावर अनेक पिल्लं विकण्याची युक्ती या स्कॅनरपुढं चालत नाही.

आता लसीचं कार्ड. हे मी रोज हातात घेतो. लसीच्या कुपीवर सोलून काढता येणारं लेबल असतं. त्यावर लसीचं नाव, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते. डॉक्टर ते लेबल कार्डावर चिकटवतो, शेजारी तारीख, सही आणि आपला नोंदणी क्रमांक घालतो. बनावट कार्डावर लेबल नसतं. निळ्या पेनानं 'डीएचपीपीआय झालं' एवढं लिहिलेलं असतं आणि खाली न लागणारी सही. एकदा एका महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजच्या लसीचीही खूण होती. ती लस आपण तीन महिन्यांच्या आसपास देतो.

लेबल नसलेल्या कार्डाचं पुढं काय होतं, तेही सांगतो. घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पिल्लू खात नाही. मग उलट्या, मग पातळ शी, मग तिच्यात रक्त. पार्वो या आजारातल्या शीचा वास ज्यानं एकदा घेतला आहे त्याला दार उघडल्याबरोबर निदान होतं. विकणारा फोनवर म्हणतो, तुम्हीच काहीतरी चुकीचं खायला घातलं. पण पार्वोचा विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा तीन ते सात दिवस जातात, म्हणजे विक्रीच्या दिवशी उड्या मारणारं पिल्लू आजार बरोबरच घेऊन आलेलं असू शकतं. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिल्या आठवड्यांत लसीलाही अडवते आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं डोस द्यावे लागतात. 'एक इंजेक्शन झालंय, आता काळजी नाही' हे अर्धसत्यही नाही. आणि ज्या घरात पार्वोनं पिल्लू गेलं, तिथं विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो. साध्या फिनाइलला तो दाद देत नाही. त्या घरानं दुसरं पिल्लू आणण्याची घाई करू नये.

किंमत हा कुत्र्याच्या खर्चातला सगळ्यांत लहान आकडा असतो. अन्न, दरवर्षीच्या लसी, पावसाळ्यात गोचिडांवरची औषधं, गोचीडतापाच्या तपासण्या, मुंबईत लेप्टोची लस, महापालिकेचा परवाना, सुटीत गावाला जाताना ठेवायची सोय हे सगळं त्यानंतर सुरू होतं. सोसायटीचा सेक्रेटरी 'कुत्रं चालणार नाही' म्हणाला तर घाबरू नका. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. पण जिन्यात केलेली घाण उचलायची कुणी, हा प्रश्न मार्गदर्शक सूचनांनी सुटत नाही. तो पुन्हा आजीचाच प्रश्न.

पुढची प्रकरणं कुठूनही वाचलीत तरी चालेल. घाई असेल तर ब्रीडरवरचं तेवढं वाचा. आणि एक विनंती. पिल्लू बघायला पहिल्यांदा जाल तेव्हा मुलांना घरी ठेवा आणि एक रुपयाही इसार देऊ नका. त्या दिवशी फक्त आई बघून परत या.